खेचराएवढी जागा

स्टॉप साइनपाशी गाडी पूर्ण थांबवून काका मोठ्याने मोजायचे. "एक. दोन. तीन." मग डावीकडे बघायचे, उजवीकडे बघायचे, पुन्हा डावीकडे. रस्त्यावर चिटपाखरू नसायचं. नेपरव्हिलच्या त्या गल्लीत सकाळी सात वाजता असणार तरी कोण? समोर स्टेशन दिसत असायचं, शिकागोला जाणारी माझी ट्रेन उभी दिसत असायची, तिची दारं बंद होताना दिसायची आणि शेजारी हे गृहस्थ तीनपर्यंत मोजत असायचे.

"काका, ट्रेन!"

"घाई कुणाला आहे?"

मला होती. मी हे त्यांना तीन वर्षं सांगत होते. त्या तीन वर्षांत माझ्या किती ट्रेन चुकल्या याची मोजदाद मी ठेवली नाही, पण माझ्या बॉसने ठेवली होती. बरं, चालत जाते म्हणावं तर डिसेंबरात गुडघाभर बर्फ, आणि गाडी घ्यायची माझी ऐपत नव्हती. मी एमएस करून नुकती नोकरीला लागलेली, काकाकाकूंच्या तळघरात भाड्याने राहणारी मुलगी. साल त्र्याऐंशी. आईने पुण्याहून पत्रात लिहिलं होतं, "आपल्या माणसांत राहतेस, जिवाला घोर नाही." आईला काय, तिला थोडंच त्या गाडीत बसायचं होतं!

काका आयुष्यभर लिफ्ट बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर होते. लिफ्ट किती वेगाने वर जावी, कुठे मंदावावी, आतल्या माणसाच्या पोटात गोळा येऊ नये म्हणून थांबताना काय करावं, हे त्यांचं काम. रिटायर झाल्यावर लिफ्ट सुटल्या, वेग सुटला नाही. गळ्यात दोरीला स्टॉपवॉच अडकवलेलं असायचं. चहा उकळायला ठेवला की स्टॉपवॉच. शेजारच्याने गवत कापायला घेतलं की खिडकीतून स्टॉपवॉच. मॉलमध्ये गेलो की आधी सरकत्या जिन्यावर. तिथे पायरीवर एका जागी उभं राहायचं, हाताच्या पट्ट्यावर तळवा ठेवायचा आणि वर पोचेपर्यंत हात शरीराच्या किती पुढे गेला ते बघायचं. पट्टा आणि पायऱ्या एका वेगाने चालत नाहीत, असा त्यांचा शोध होता. शोध खरा होता, हे सांगताना मला आजही चीड येते. एकदा ते त्या जिन्यावरून सलग सात वेळा वरखाली गेले. मी आणि काकू खाली बाकावर पिशव्या सांभाळत बसलो होतो. शेवटी सिक्युरिटीवाला आला, तर त्यालाच शेजारी उभा करून त्यांनी त्याचा तळवा पट्ट्यावर ठेवला. तो बिचारा दोनदा वर जाऊन आला.

काकू शांतपणे म्हणाल्या, "आता तोही घरी जाऊन बायकोचं डोकं खाईल."

पण हे सगळं परवडलं. माझ्या जिवावर उठला होता तो त्यांचा पिक्चर.

गावातल्या एका शाळेत लिफ्ट अडकली म्हणून काका हौसेने बघायला गेले होते. शाळेत तेव्हा नुकते व्हीसीआर आले होते आणि जुना प्रोजेक्टर, दोनचार रिळं कचऱ्यात टाकायला दाराशी काढून ठेवली होती. काकांनी ती उचलून घरी आणली. बाकीची रिळं दात कसे घासावेत वगैरे होती. एक मात्र पिक्चर निघाला. मूक, घोडे आणि धुळीतल्या गावाचा, आणि विनोदी.

गोष्ट अशी की एक पियानो दुरुस्त करणारा हडकुळा माणूस हत्यारांची लांबट काळी पेटी घेऊन एका आडगावात उतरतो. गुत्त्यातला पियानो बिघडलेला असतो, त्यासाठी त्याला बोलावलेलं. पण पेटी बघून गावाला वाटतं, हा पिस्तूलवाला. मग जो तो त्याच्यापुढे हात वर करतो, आणि याला वाटतं ही इथली नमस्काराची पद्धत, म्हणून हाही करतो. पोस्ट सांभाळणारी एक मुलगी तेवढी शहाणी असते. तिचं एक खेचर असतं, ते पत्रं वाटतं. शेवटी खेचर थेट गुत्त्यात शिरतं आणि याला तिचं पत्र देतं.

पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला मजा वाटली. पण घरी कुणीही पाहुणा आला की जेवणानंतर त्याला तळघरात नेऊन हा पिक्चर दाखवायचा, असा काकांचा शिरस्ता होता आणि प्रोजेक्टर मांडलेला होता माझ्या खोलीच्या दाराबाहेर. पाहुणा नसला तर रविवारी दुपारी काकूंना आणि मला. त्यातून तो लावायचा कसा, तर हळू. इतका हळू की घोडे पाण्यातून चालल्यासारखे चालायचे, चित्र लुकलुकायचं आणि माझं डोकं दुखायला लागायचं.

"जुने पिक्चर भरभर पळतात ते चुकीच्या वेगाने लावतात म्हणून," काका सांगायचे. "त्या काळातली माणसं काय अशी उड्या मारत चालायची? धावपळ मशीनची आहे, माणसांची नाही. खरा वेग काढावा लागतो."

तो त्यांनी काढला होता. गुत्त्यातल्या दृश्यात एका खांबावर लंबकाचं घड्याळ टांगलेलं होतं आणि त्याच्याशेजारी दारूवाला उभा होता. दारूवाल्याची उंची पावणेसहा फूट धरून, भिंतीवरच्या चित्राला फूटपट्टी लावून, त्यांनी लंबकाची लांबी ठरवली होती. एक मीटर. एक मीटरचा लंबक एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जायला एक सेकंद घेतो, हे आपण सगळे शाळेत शिकतो आणि विसरतो. काका विसरले नव्हते. प्रोजेक्टरला त्यांनी एक रेग्युलेटर बसवला होता आणि भिंतीवरचा लंबक सेकंदाला एक झोका घेईल तिथे रेग्युलेटरच्या बटणाशेजारी पांढऱ्या रंगाचा ठिपका दिला होता. या वेगाने पिक्चर अठ्ठावीस मिनिटं चालायचा.

ही लांबी तरी एकदाची ठरावी! तेही नाही. मी राहायला गेले तेव्हा लंबक दीड मीटर होता आणि पिक्चर चौतीस मिनिटं. दर चारसहा महिन्यांनी काका जेवताना जाहीर करायचे, "गणितात सुधारणा आहे. लंबक थोडा कमी निघाला." मग जुना ठिपका खरवडून नवा, आणि नव्या वेगाने पुन्हा पिक्चर. हा माणूस पन्नास मजली इमारतींच्या लिफ्ट बनवून बसला आणि याला एक फूटपट्टी नीट लावता येत नाही, असं मी मैत्रिणीला फोनवर म्हणाल्याचं मला आठवतं.

पिक्चरमध्ये बोलणं नव्हतं. मधूनमधून काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत वाक्यं यायची. काका त्यांना पाट्या म्हणायचे. पाट्या काकू वाचायच्या. भिंतीजवळ स्टुलावर बसून, बोट वर करून, मोठ्याने, इंग्रजीत. बोटाची सावली भिंतीवर अक्षरांखालून सरकायची. काकू खानदेशातल्या एका गावात सातवीपर्यंत शिकलेल्या. अमेरिकेत येऊन वीस वर्षं झाली होती, दुकानातलं, डॉक्टरकडचं बोलायला शिकल्या होत्या, पण वाचायची वेळ आली की चष्मा घरी राहिलेला असायचा. पिक्चरच्या वेळी मात्र चष्मा असायचा. सगळ्यात लांब पाटी म्हणजे खेचराने आणलेलं पत्र. 'प्रिय महाशय, पियानो नीट झाला. तरीसुद्धा कृपा करून जाऊ नका. या गावात अजून पुष्कळ काही बेसूर आहे,' अशा अर्थाचं. त्यातल्या 'तरीसुद्धा'साठी 'नेव्हरदलेस' असा अगडबंब शब्द होता.

"नेव्हर... द... लेस," काकू तीन घास केल्यासारखं म्हणायच्या आणि सावली पुढे सरकायची.

एव्हाना काकूंना सगळ्या पाट्या पाठ झाल्या असणार, असं मी धरून चालले होते. आपल्याकडे बायका अर्थ न कळता स्तोत्रं म्हणतात, त्यातलंच हे, असं मला वाटायचं. मला बरंच काही वाटायचं.

तिसऱ्या वर्षी तिथल्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीला एक प्रसंग घडला. काकू माइकजवळच्या टेबलावर प्रसादाच्या वाट्या लावत होत्या. सेक्रेटरी घाईघाईत आले आणि त्यांच्या हातात चिठ्ठी कोंबून म्हणाले, "काकू, जरा अनाउन्स करा ना, कुणाच्या तरी गाडीचे लाइट्स ऑन राहिलेत." आणि गेले. काकू चिठ्ठी धरून माइकपुढे उभ्या राहिल्या. हॉल गप्प झाला. काकूंचे ओठ हलत होते. चिठ्ठीवरचं इंग्रजी अक्षरही वळणदार, जोडलेलं, पाट्यांसारखं सुटं नव्हतं. मग दहा वर्षांची एक मुलगी पुढे आली, "इट्स ओके आजी, आय गॉट इट," म्हणाली आणि एका दमात निळी गाडी, नंबर, सगळं वाचून मोकळी झाली. लोक हसले. वाईट मनाने नाही. काकूही हसल्या.

परत येताना काका फ्रीवेवर ताशी पंचेचाळीस मैलांनी चालले होते आणि मागचे ट्रक आमच्या नावाने भोंगे वाजवत होते. मागच्या सीटवरून काकू म्हणाल्या, "अहो, दिवाळीला आपला पिक्चर दाखवा. पाट्या मी वाचते. स्टेजवरून."

काकांनी आरशात बघितलं. "वाचशील?"

"वाचेन."

पुढचे दोन महिने घरात दुसरा विषय नव्हता. काकांनी सेक्रेटरींना पत्रं लिहिली, फोन केले, लंबकाची आकृती पाठवली. मी ऑफिसातून दमून यावं आणि तळघरात ते खेचर चाललेलं असावं. काकूंनी निळी पैठणी काढून ठेवली. पत्राची पाटी आली की त्या स्टुलावरून उठून उभ्या राहायच्या, कारण स्टेजवर उभं राहायचं होतं. कुणी विचारलं असतं की या बाईला जगात आणखी काय हवंय, तर मी छातीठोकपणे सांगितलं असतं, त्या हॉलसमोर ते पत्र शेवटपर्यंत वाचायला हवंय, बाकी काही नाही.

आणि अशाच एका रविवारी मला ते दिसलं. काकू किराणा आणायला गेल्या होत्या, काका रीळ तपासत होते. पत्र दिल्यावर खेचर वळतं आणि गुत्त्यातून आरपार चालत जातं. शेकडो वेळा पाहिलेलं दृश्य. खेचर दारूवाल्याच्या पुढून गेलं. पण खांबाच्या मागून गेलं! म्हणजे घड्याळ दारूवाल्याच्या शेजारी नव्हतंच. घड्याळ पुढे, कॅमेऱ्याजवळ. दारूवाला चांगला मागे. दोघांच्या मधून एक अख्खं खेचर जाऊ शकतं. जवळ असल्यामुळे घड्याळ मोठं दिसत होतं. मी पाकिटाच्या मागे आकडे मांडले. लंबक एक मीटर नव्हे, अर्धा. पिक्चर अठ्ठावीस मिनिटांचा नव्हे, वीस मिनिटांचा.

मला कोण आनंद झाला! तीन वर्षांच्या चुकलेल्या ट्रेनचा सूड मला एका खेचराने मिळवून दिला होता.

"काका, हे बघा," मी म्हटलं आणि सगळं समजावलं.

मला वाटलं होतं ते वाद घालतील, फूटपट्टी काढतील. त्यांनी रीळ बंद केलं. "खेचराचं मला सांगू नकोस," ते म्हणाले. "ठिपक्याला हात लावायचा नाही. हा विषय बंद."

"पण गणित..."

"बंद म्हटलं ना!"

ते माझ्यावर पहिल्यांदाच ओरडले. चूक कबूल करायची नाही म्हणून आवाज चढवायचा, अशी माणसं मी घरीही पाहिली होती. मी कपाळावर हात मारला आणि खोलीत गेले.

दिवाळीचा कार्यक्रम एका शाळेच्या सभागृहात होता. काकूंनी स्टेजवर काकांना शेजारी बसायला सांगितलं होतं, "तुम्ही जवळ असलात तर बरं" म्हणून. त्यामुळे प्रोजेक्टर माझ्याकडे. मी रीळ चढवत होते तेवढ्यात सेक्रेटरी आले.

"हे बघ, मी तुला फ्रँकली सांगतो. ट्वेंटी मिनिट्स. काकांना मी सांगून थकलो, ते मलाच विचारतात घाई कुणाला आहे. अगं, ऑर्केस्ट्रावाले डेट्रॉइटहून ड्राइव्ह करून आलेत! ट्वेंटी झाली की मी लाइट्स ऑन करणार. पिक्चर संपो न संपो. आय ॲम सॉरी, यार."

पत्राची पाटी ठिपक्याच्या वेगाने चोविसाव्या मिनिटाला यायची. म्हणजे काकू पत्रापर्यंत पोचायच्या आतच दिवे लागणार. मी स्टेजकडे पाहिलं. निळी पैठणी, चष्मा, हातात काकांनी रंधा मारून बनवलेली छडी. काका शेजारच्या खुर्चीवर. आता सांगायला जाऊन उपयोग नव्हता, ते ऐकणार नव्हते. आणि माझं गणित बरोबर होतं. वीस मिनिटं हाच खरा वेग होता. मंडळाचं घड्याळ, त्या खांबावरचं घड्याळ आणि मी, आमचं तिघांचं एकमत होतं. काकूंचं तर सगळं पाठ होतं.

अंधार झाला. मी बटण ठिपक्याच्या पुढे नेलं.

पहिली पाटी आली. काकूंनी छडी उचलली, "इन द टाउन ऑफ..." आणि पाटी गेली. तिथे घोडा आला. काकू थांबल्या, छडी तशीच. दुसऱ्या पाटीला त्या लवकर सुरू झाल्या, दोन शब्द जास्त वाचले आणि तीही गेली. उरलेले शब्द त्या नुसत्याच पडद्यावर शोधत राहिल्या. तेव्हा मला कळलं. त्या पाठ म्हणत नव्हत्या. कधीच म्हणत नव्हत्या. त्या वाचत होत्या. दर रविवारी, प्रत्येक पाटी, पहिल्या अक्षरापासून.

तिसऱ्या पाटीला पुढच्या रांगेतल्या पोरांनी वाचायला सुरुवात केली. इथेच जन्मलेली ती पोरं, त्यांना ती पाटी वाचायला अर्धा श्वास लागत होता. आधी दोघंतिघं, मग सगळी रांग, मोठ्याने, एका सुरात. हॉल हसायला लागला. घोडे भरभर पळत होते, हडकुळा माणूस टुणटुण उड्या मारत होता, लोक पोट धरून हसत होते. इतकी वर्षं आमच्या तळघरात त्या पिक्चरला कुणी असं हसलं नव्हतं. काका मान वळवून प्रोजेक्टरकडे बघत होते. अंधारात चेहरा दिसत नव्हता. ते उठले नाहीत, कारण काकूंनी त्यांची बाही धरली होती.

माझा हात बटणावर होता. मागे फिरवायला एक क्षण पुरला असता. पण फिरवलं तर पत्राच्या आधी दिवे लागतील, असं मी स्वतःला सांगत राहिले आणि नाही फिरवलं.

पत्र आलं. काकू पुढे झाल्या, छडी शब्दांखाली लावली, "डिअर सर, द पियानो..." म्हणाल्या. "नेव्हरदलेस!" पोरं ओरडली. आपल्याला एवढा लांब शब्द येतो याचा त्यांना आनंद झाला होता. पत्र संपलंसुद्धा. काकूंनी छडी खाली घेतली आणि ती खुर्चीच्या पाठीला नीट टेकवून ठेवली.

"एक्झॅक्टली ट्वेंटी!" सेक्रेटरींनी माझ्या पाठीवर थाप मारली. "काय हसले लोक! काकू, नेक्स्ट इयर पुन्हा हां!"

काकू हसून "हो" म्हणाल्या आणि चिवड्याच्या बश्या भरायला गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू खाली आल्या नाहीत. काकांनी चहा केला. स्टॉपवॉच गळ्यात होतं, पण लावलं नाही, आणि चहा कडू झाला. मी दिव्यांबद्दल सांगितलं, वीस मिनिटांबद्दल सांगितलं, आणि वर पुन्हा म्हणाले, "आणि काका, गणितही तेच येत होतं. ते खेचर..."

"खेचर मी पहिल्याच दिवशी पाहिलं," काका म्हणाले.

मग त्यांनी ड्रॉवरमधून एक वही काढून माझ्यासमोर ठेवली. त्यात लंबक नव्हताच. पाट्यांचे नंबर होते आणि पुढे सेकंद. पत्राच्या पाटीपुढे तीन वर्षांचे आकडे उतरत गेले होते. एकोणीस. अठरा. सतरा. पुन्हा अठरा, तिथे कंसात 'ताप होता'. मग सोळा.

"तिला जेवढा वेळ लागतो तेवढा पाटी थांबायला हवी," ते म्हणाले. "आधी वेग ठरला, मग त्याला बसेल असा लंबक शोधला. ती सुधारली की लंबक कमी करायचा."

"मग तसं सांगायचं ना काका! मला तरी!"

"तुला सांगितलं असतं तर तू तिच्याकडे दयेने बघितलं असतंस. तिला ते लगेच कळतं. आणि तिला 'तुझ्यासाठी हळू लावतोय' म्हटलं असतं तर ती स्टुलावर बसलीच नसती. मशीनचा वेगच एवढा आहे म्हटल्यावर वाचते." त्यांनी वही मिटली. "आणखी दोनतीन वर्षांत वीस मिनिटांवर आलो असतो."

मला त्यांचा इतका राग आला होता तीन वर्षं, आणि आता तो सगळा राग परत माझ्याकडेच आला. मी रडले. काकांनी रुमाल दिला नाही, कडू चहाचा कप पुढे सरकवला.

तीन आठवडे तळघरात पिक्चर लागला नाही. मला खरं तर सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. चौथ्या रविवारी बाहेर बर्फ पडत होतं. काकू पोळ्या लाटता लाटता एकदम म्हणाल्या, "काय गं, त्या दिवशी मशीनला काय झालं होतं?"

काका पेपरच्या मागे. पेपर हलला नाही.

तीन वर्षांत मी या माणसापुढे एकदाही हार मानली नव्हती. "मशीनला काही नाही झालं, काकू," मी म्हटलं. "माझी चूक झाली. मला वाटलं काकांनी लंबक चुकीचा काढला, म्हणून मी वेग वाढवला. काकांचंच बरोबर होतं."

काकूंचं लाटणं थांबलं. "म्हणजे तो खरा वेग नव्हता?"

"नव्हता."

यावर काकांनी गप्प बसावं की नाही? पण नाही! त्यांनी पेपर खाली ठेवला, खडू आणला आणि फ्रिजवर लावलेल्या छोट्या फळ्यावर आकृती काढून पाऊण तास माझी अक्कल काढली. आजकालच्या मुली एमएस होतात आणि जवळचं काय, लांबचं काय हे कळत नाही. खेचर म्हणे मधून गेलं! खेचर मधून गेलं असं नुसतं वाटतं, तो प्रकाशाचा परिणाम आहे. लिफ्टच्या कारखान्यात अशी चूक केली असती तर माणसं मेली असती. मध्येच थांबून ते मला विचारायचे, "कळलं का?" आणि मी "हो काका" म्हणायचे. ते सगळं खोटं होतं, मला माहीत होतं, त्यांना माहीत होतं, आणि तरी त्या माणसाला त्यात इतकी मजा येत होती की एका क्षणी मला लाटणं घ्यावंसं वाटलं.

काकूंनी शेवटची पोळी तव्यावरून काढली, हात धुतले आणि चष्मा घातला. "मग लावा," त्या म्हणाल्या.

आम्ही खाली गेलो. काकांनी बटण ठिपक्यावर आणलं, मग माझ्याकडे न बघता केसभर अलीकडे घेतलं. घोडे पाण्यातून चालल्यासारखे चालायला लागले. काकू सुरुवातीला अडखळल्या, दोन पाट्या अर्ध्याच राहिल्या. मग आवाज बसत गेला. खेचर गुत्त्यात शिरलं तेव्हा त्या स्टुलावरून उठून उभ्या राहिल्या. पत्र आलं. बोटाची सावली अक्षरांखाली आली.

"डिअर सर. द पियानो इज मेंडेड. नेव्हरदलेस..."

एका दमात म्हणाल्या. सावली थांबली नाही, शेवटच्या शब्दापर्यंत गेली, आणि पाटी त्यानंतरही जरा वेळ भिंतीवर होती. काकांच्या मुठीत स्टॉपवॉच वाजलं.

मग खेचर वळलं आणि शेपटी हलवत, दारूवाल्याच्या पुढून आणि खांबाच्या मागून, सावकाश चालत गेलं.

"काय गं," भिंतीवरची नजर न काढता काकू म्हणाल्या, "एवढं मोठं खेचर मधून गेलं, म्हणजे तिथे जागा बरीच असणार, नाही?"

काका वाकून प्रोजेक्टरमध्ये तेल घालायला लागले. चालू मशीनमध्ये कुणी तेल घालत नाही. काकूंनी पुन्हा बोट वर केलं आणि पुढची पाटी वाचायला घेतली.